बोलोन्यातली स्वस्त खोली

औषधाच्या गोळ्या पट्टीत भरणारी यंत्रं ज्यांना विकत घ्यायची असतात, त्यांच्या वाटेत इटलीतलं बोलोन्या कधी ना कधी येतंच. शहराभोवती अशा कारखान्यांचा एवढा दाट पट्टा आहे की त्याला पॅकेजिंग व्हॅली असंच नाव पडलं आहे. या परंपरेची सुरुवात 1924 साली निघालेल्या आक्मा या कंपनीपासून धरतात. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी इद्रोलितिना नावाची पूड तेव्हा इटलीत खपत असे. ती मोजून पाकिटात भरणं हे या कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रांचं एक काम होतं. तिथे शिकलेली माणसं पुढे बाहेर पडली, त्यांनी आपापले कारखाने काढले, आणि शंभर वर्षांत चहाच्या पिशव्यांपासून कॅप्सूलपर्यंत सगळं बांधणारी यंत्रं या एका जिल्ह्यात बनू लागली.

आम्ही नाशिकजवळच्या प्लँटमध्ये औषधं पॅक करतो. तिकडचं यंत्र विकत घेतलं की ते जहाजावर चढण्याआधी आपली माणसं जाऊन ते चालवून बघतात. याला आमच्याकडे एफएटी म्हणतात. ठरलेल्या वेगाने पट्ट्या निघतात का, मुद्दाम एक कप्पा रिकामा ठेवला तर कॅमेरा ती पट्टी बाहेर काढतो का, दार उघडलं की यंत्र जागच्या जागी थांबतं का, हे एकेक करून तपासायचं आणि सह्या करायच्या. या कामात मी वाकबगार आहे असं म्हणायला हरकत नाही. पण कामासाठी जिथे राहायचं, त्या बाबतीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या मी बरीच वर्षं कुणाला सांगितल्या नाहीत. प्रवासखर्चाच्या फॉर्मवर त्या दिसत नाहीत. त्यातली एक तर पैशांची नव्हतीच.

आधी पैशांच्या सांगतो.

कंपनीने रात्रीला किती युरो खर्चायचे याची मर्यादा ठरवून दिली आहे. ती वाईट नाही. एरवी बोलोन्यात त्यात साधी, स्वच्छ खोली मिळते. पण या शहरात मोठी प्रदर्शनं भरतात. मार्चमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं कॉस्मोप्रोफ, वसंतात बालपुस्तकांचा मेळा, सप्टेंबरच्या अखेरीला टाइल्सचं चेरसाये, सम वर्षांच्या नोव्हेंबरात शेतीयंत्रांचं एइमा. त्या आठवड्यांत जगभरातून माणसं येतात आणि खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात. मी एफएटीची तारीख उत्पादनाच्या वेळापत्रकावरून ठरवली, ती नेमकी चेरसायेत पडली. शहराचं प्रदर्शनांचं कॅलेंडर कुणालाही उघडून बघता येतं. मी बघितलं नव्हतं.

मग मर्यादेत बसणारी खोली शोधता शोधता मी शहराच्या बाहेर, रिंगरोडच्या पलीकडे गेलो. नावात बोलोन्या होतं, दर बसत होता, आणि व्हिसाच्या अर्जाला बुकिंग जोडायची घाई होती. दोन प्रकारचे दर समोर दिसत होते: एक थोडा जास्त, रद्द केल्यास पैसे परत, दुसरा कमी, पैसे परत नाहीत. मी दुसरा घेतला. आमची चाचणीची फॉइल आणि नमुन्याच्या गोळ्या कस्टममध्ये अडकल्या, एफएटी पुढे सरकली, आणि पहिले पैसे बुडाले. खरं तर एफएटीच्या तारखा सरकतात हे या धंद्यात नवं नाही. बुकिंग करताना ते डोक्यात यायला हवं होतं. नव्या तारखेला गेलो तेव्हा त्याच बाहेरच्या हॉटेलात उतरलो. रात्री बस फार कमी. टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते. खोलीत वाचवलेले पैसे टॅक्सीत गेलेच, वर रोज संध्याकाळी दमून आल्यावर जेवायला कुठे जायचं हा प्रश्न उरला तो वेगळाच.

त्यानंतर मी स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात उतरू लागलो. अरुंद जिना, त्याहून अरुंद लिफ्ट, अंगणाकडे उघडणारी खिडकी. आत्ता या हॉटेलाबद्दल लिहिताना मला आदर वाटतो. तेव्हा मी तिथल्या माणसांशी ज्या रीतीने वागलो, ते सांगायला हवं.

पहिल्याच रात्री काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला. मी झेरॉक्स पुढे केली. मूळ पासपोर्टच लागेल म्हणाल्या. पासपोर्ट हातचा सोडायचा नाही हे घरातून निघताना दहा जणांनी बजावलेलं असतं. मी आवाज चढवला. इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. हा नियम 1931 च्या कायद्यातला, आणि आता ती नोंद पोलिसांच्या ऑनलाइन व्यवस्थेत करतात. बाईंनी माझ्यासमोरच नोंद करून पासपोर्ट परत दिला. निघताना त्यांनी शहराचा कर वेगळा मागितला तेव्हाही मला वाटलं, बुकिंगमध्ये नसलेले पैसे उकळतायत. 2011 च्या कायद्याने इटलीतल्या शहरांना पाहुण्यांकडून रात्रीमागे हा कर घेता येतो. तो हॉटेलचा नसतो, महापालिकेचा असतो, आणि खोलीच्या दरात बहुधा धरलेला नसतो. दोन्ही वेळा त्या कायदा पाळत होत्या आणि मी त्यांच्याकडे चोर म्हणून बघत होतो. मोठ्या साखळी हॉटेलच्या चकचकीत काउंटरवर मी असा आवाज चढवला असता का? नसता. खोली स्वस्त म्हणून माणसं संशयास्पद, हा हिशोब माझ्या मनात कुठून आला ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पुढच्या एका खेपेला माझ्यासोबत काका होते. काका आमचे सगळ्यात अनुभवी ऑपरेटर. यंत्र नुसतं आवाजावरून ओळखणारे. एफएटीला इंजिनियर जातात, पण रोज जो यंत्र चालवणार त्याने ते आधी बघावं असा आग्रह मी धरला आणि काकांना नेलं. हा निर्णय मात्र बरोबर होता. फॉर्मॅट बदलताना एक पाना कुठे अडतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं आणि इटालियन फिटरने तिथल्या तिथे तो भाग काढून नेला. काका माळकरी. निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला दरवर्षी जाणारे. पासपोर्ट पहिल्यांदाच निघालेला.

एप्रिल उतरत आला होता, पाऊस लागला होता, आणि खोलीत थंडी होती. रेडिएटर गार. काका रात्री शाल पांघरून खुर्चीवर बसलेले बघून मी खाली गेलो आणि काउंटरवरच्या बाईंशी भांडलो. गॅसचे पैसे वाचवायला तुम्ही माणसांना गारठवता, असं म्हणालो. त्यांनी मला एक तक्ता दाखवला. हवामानानुसार इटलीचे सहा विभाग केलेले आहेत आणि कुठल्या विभागात हीटिंग कधी चालू करायचं, कधी बंद, हे 1993 पासून सरकारी नियमाने ठरलेलं आहे. बोलोन्या, मिलान, तोरिनो हे एका विभागात: 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, तेही दिवसाला 14 तासांपर्यंत. रोमला मुदत याहून कमी. आल्प्समधल्या गावांना बंधन नाही. फारच थंडी पडली तर महापौर मुदत वाढवून देऊ शकतो. ऊर्जा बाहेरून विकत घेणाऱ्या देशाने स्वतःला घालून घेतलेली ही शिस्त आहे. बाईंनी वरच्या मजल्यावरून दोन जाड ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मी त्यांचे आभार मानले, पण बोललेलं परत घेतलं नाही. ते सकाळी काकांनी केलं. मराठीतच, हात जोडून; आणि बाईंना ते कळलं.

रेल्वेच्या बाबतीत थोडक्यात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेऊन चालत नाही, चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तसं केलं नाही म्हणून मी दंड भरला. आणि संपाची सूचना लिफ्टमध्ये चिकटवलेली असताना ती मी दुर्लक्षित केली. इटलीत संप आधी जाहीर होतात, आणि संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत काही गाड्या हमखास सोडाव्या लागतात. नाश्त्याच्या वेळी बाईंनी आज लवकर निघा म्हणून सांगितलंही होतं. भांडणानंतर माझ्या मनात अढी होती. मी निवांत कॉफी प्यालो, नऊनंतर स्टेशनवर पोचलो, आणि एफएटीचा अर्धा दिवस तिथल्या बाकावर गेला.

त्याच बाकावरून मला स्टेशनच्या बाहेरच्या भिंतीवरचं बंद घड्याळ दिसत होतं. दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेलं. रोज येता-जाता दिसायचं. त्या रात्री हॉटेलात रात्रपाळीला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्याशी बोलता बोलता मी म्हणालो की एवढी काटेकोर यंत्रं बनवणाऱ्या शहराला स्टेशनवरचं घड्याळ दुरुस्त करता येत नाही का.

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग तुटक इंग्रजीत सांगायला लागले. 2 ऑगस्ट 1980, शनिवार. सुट्ट्यांची गर्दी. सेकंड क्लासच्या प्रतीक्षागृहात सकाळी 10:25 ला बॉम्ब फुटला. 85 माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. रुग्णवाहिका पुरेनात म्हणून शहराची 37 नंबरची बस मृतांना आणि जखमींना नेत राहिली. खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावल्या होत्या. नवफॅसिस्ट दहशतवाद्यांना पुढे न्यायालयांनी दोषी ठरवलं. घड्याळ त्या वेळेवर ठेवलंय ते मुद्दाम. दरवर्षी 2 ऑगस्टला शहर स्टेशनपर्यंत चालत येतं आणि 10:25 ला गप्प उभं राहतं. हे सगळं त्यांनी रागावून सांगितलं नाही, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी प्रतीक्षागृहात गेलो. भिंतीतली चीर तशीच ठेवली आहे, जमिनीवरचा स्फोटाचा खड्डा तसाच आहे, आणि दगडी पाटीवर नावं आणि वयं कोरली आहेत. सगळ्यात लहान मुलगी 3 वर्षांची. मुंबईच्या लोकलमधून वाढलेल्या माणसाने स्टेशनवरच्या बॉम्बस्फोटाची खूण ओळखू नये, याचं मला फार वाईट वाटलं. 11 जुलै 2006 ला आमच्या घरातले सगळे पश्चिम रेल्वेने येणाऱ्या एकाची वाट बघत बसले होते. तो आला. ज्यांचे आले नाहीत त्यांच्या नावांच्या पाटीसमोर उभं राहून कुणी असा शेरा मारला असता तर मी काय केलं असतं?

आणि आता ती चूक, जी पैशांची नव्हती.

काकांच्या जेवणाची जबाबदारी मी घेतली होती. घरून निघताना त्यांच्या बायकोला, काकूंना, मीच शब्द दिला होता. नाशिकहून आणलेले ठेपले, चटण्या, चिवडा संपत आल्यावर बाहेर खाणं सुरू झालं. बोलोन्याचं खाणं प्रसिद्ध आहे ते डुकराच्या मांसावर. तोर्तेल्लिनीच्या सारणात ते असतं आणि त्याची पाककृती 1974 साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेली आहे. हे मला माहीत होतं, म्हणून ते टाळलं. स्टेशनजवळ पियादिनाची एक टपरी होती. पियादिना म्हणजे तव्यावर भाजलेली मैद्याची पातळ रोटी, तिच्यात मऊ चीज आणि अरुगुलाची पानं. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "साहेब, ही तर आपली पोळीच की. याच्यात काही नाही ना?"

मी म्हणालो, "नाही काका, विचारलंय मी."

मी विचारलं नव्हतं. टपरीवर रांग होती, मला भूक लागली होती, डोळ्यांना मैदा, पाणी आणि मीठ दिसत होतं. एका वाक्याने काम भागलं. त्यानंतर काका रोज तेच मागू लागले. मी बिनघोर होतो. एक काळजी मिटली होती. संध्याकाळी कधी साधा पास्ता, वर किसलेलं पार्मेजानो.

एफएटी संपत आली तेव्हा कारखान्यातल्या एका फिटरने जेवणाच्या सुट्टीत काकांना काय आवडलं ते विचारलं. काकांनी खुणेने पियादिना सांगितलं. तो खूश झाला. तो रोमान्याचा, पियादिना त्यांचीच. त्याने मला सांगितलं की हल्ली काही जण ऑलिव्ह तेल घालतात, पण त्याच्या आईच्या हातची खरी, कारण ती कणकेत डुकराची चरबीच घालते, आणि स्टेशनजवळचा तो टपरीवालाही जुन्या पद्धतीनेच करतो. काका माझ्याकडे बघून हसत होते. त्यांना इंग्रजी येत नाही. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आवडली का विचारतोय."

ही दुसरी. पहिली घाईतली होती. ही समजून-उमजून केलेली. मी स्वतःला सांगितलं की झालं ते झालं, आता सांगून त्यांना दुःखच होईल, नकळत पोटात गेलेल्याचा दोष नसतो. परतीच्या विमानात काका खिडकीशी बसले होते. माळ बोटांत होती, ओठ हलत होते. मी झोपेचं सोंग घेतलं.

नाशिकला आल्यावरही मी सांगितलं नाही. सांगितलं ते आषाढाच्या तोंडावर, काका वारीची रजा मागायला आले तेव्हा. तोवर मी वाचून खात्री करून घेतली होती. पियादिना रोमान्योलाला 2014 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच्या नियमांत चरबी किंवा ऑलिव्ह तेल, दोन्ही चालतात. म्हणजे विचारलं असतं तर तेलाची मिळाली असती, त्याच गल्लीत. पार्मेजानोचंही सांगावं लागलं: ते दूध विरजवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि त्यांच्या नियमाप्रमाणे दुसरं काही चालत नाही. मी दोन्ही सांगितलं. मी विचारलं नव्हतं हे सांगितलं, आणि फिटर खरं काय म्हणाला तेही.

काका बराच वेळ रजेच्या अर्जाकडे बघत होते. मग म्हणाले, "मला नुसतं ठाऊक नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी चणे-फुटाण्यांवर काढले असते ते दिवस." थोड्या वेळाने म्हणाले, "घरी सांगू नका." त्या वर्षी त्यांनी वाटेवर अन्न जवळजवळ घेतलंच नाही, असं मला दिंडीतल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. माफी मागितली होती, त्यांनी मान हलवली होती. ती माफी होती की फक्त विषय संपवणं, हे मला सांगता येणार नाही.

पासपोर्ट, कर, गार रेडिएटर: जिथे मी संशय घेतला तिथे समोरचा माणूस खरं सांगत होता. आणि जिथे टपरीवाल्याला एक प्रश्न विचारायचा होता, तिथे मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मोकळा झालो. काउंटरवरच्या बाईंना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांच्याशी मी भांडून बसलो होतो.

एक सवय मी त्यानंतर मोडली. लांबच्या एफएटीला आम्ही आता हॉटेलची खोली घेत नाही. इटलीत रेसिडेन्स नावाचा प्रकार असतो: छोटी जागा, आत ओटा, शेगडी, दोन भांडी. आठवड्याच्या हिशोबाने ती स्टेशनजवळच्या खोलीपेक्षा महाग पडत नाही, आणि जेवणाचा खर्च निम्म्याहून खाली येतो. रुळांच्या पलीकडे बोलोन्यीना नावाची वस्ती आहे. तिथे बांगलादेशी माणसांच्या किराणा दुकानांत तांदूळ, डाळी, हळद, जिरं सगळं मिळतं. काकांना नेलं तेव्हाही ही सोय तिथेच होती, स्टेशनच्या मागे, पुलापलीकडे. ऑपरेटर जाणार असेल तर त्याच्या खिशात आम्ही एक कागद देतो. काय चालत नाही ते त्यावर इटालियनमध्ये लिहिलेलं आहे: मांस, मासे, मांसाचा रस्सा, चरबी, रेनेट. तो कागद रोमान्याच्या त्याच फिटरने लिहून दिला, मी त्याला सगळी हकीकत कळवल्यावर.

बिलाचंही एक राहिलं. निघताना नुसती पावती घेतली तर आमचं अकाउंट्स ती मान्य करत नाही. कंपनीच्या नावाने, पत्त्यासह बिल हवं, आणि ते आल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. तिकडे 2019 पासून बिलं सरकारी संगणकव्यवस्थेतून जातात. एकदा गेल्यावर नाव बदलायला आधीचं बिल रीतसर रद्द करून दुसरं काढावं लागतं. एवढं काम आपल्या विसराळूपणापायी कुणाच्या गळ्यात टाकू नये.

कंपनीची मर्यादा अजून रात्रीमागेच मोजली जाते. ती पूर्ण मुक्कामावर मोजावी, त्यात जेवण आणि रोजचं येणं-जाणं धरावं, आणि शाकाहारी ऑपरेटर असेल तर ओटा असलेली जागाच द्यावी, असं पत्र मी अकाउंट्सला दिलं आहे. उत्तर यायचं आहे. पुढची एफएटी चेरसायेच्या आठवड्यात ठेवू नये एवढं मात्र त्यांनी फोनवर मान्य केलं.